ओढ आणि ओझे

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने मोटारी आणि वजने यांवर लेख लिहावा, याचे आमच्या प्राध्यापकांना नवल वाटेल. गेल्या मे महिन्यापर्यंत मलाही या विषयात काडीचा रस नव्हता. परंतु उन्हाळ्याच्या सुटीत अमेरिकेत, डॅलस शहराजवळ राहणाऱ्या मामांकडे जाण्याचा योग आला आणि तेथे घडलेल्या एका प्रसंगाने मला पुढील पंधरा दिवस वही-पेन्सिल घेऊन बसायला लावले. त्या पंधरा दिवसांत जे समजले ते येथे मांडतो. विषय परदेशातला असला तरी त्याचे मूळ सूत्र आपल्या अगदी ओळखीचे आहे, असे वाचकांना शेवटी वाटेल अशी आशा आहे.

मामांच्या मनात बरीच वर्षे एक बेत घोळत होता. मुले मोठी होऊन आपापल्या वाटेने जाण्यापूर्वी सर्व कुटुंबाने ग्रँड कॅनियनपर्यंतचा लांबचा प्रवास एकत्र करायचा. आणि तोही हॉटेलांत न उतरता, स्वतःच्या गाडीमागे फिरते घर जोडून. हे फिरते घर म्हणजे दोन किंवा चार चाकांवरची खोली. तिला स्वतःचे इंजिन नसते. आत झोपायच्या फळ्या, शेगडी, पाण्याची टाकी, मोरी, संडास असे सारे असते. तिकडे त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. इंग्लंडात कॅरॅव्हॅन म्हणतात. आपण सोयीसाठी ट्रेलरच म्हणू.

विकत घेण्यापूर्वी अनुभव असावा म्हणून मामांनी मे महिन्याच्या अखेरीस तीन दिवसांच्या जोडसुटीसाठी एक ट्रेलर भाड्याने आणला. मामांच्या पिकअप गाडीमागे तो जोडून आम्ही पाचजण एका तलावाकाठच्या उद्यानाकडे निघालो. रस्ता सरळ आणि रुंद होता. मागून एक लांबलचक मालवाहू ट्रक आला आणि वेगाने आमच्या पुढे गेला. त्याच्या वाऱ्याचा झोत लागताच ट्रेलरचे मागचे टोक एकदा डावीकडे, मग उजवीकडे, मग त्याहून जोरात डावीकडे झुलू लागले. ट्रेलरच आमच्या गाडीला हलवत होता. मामींनी पुढच्या आसनाची कड घट्ट धरली. मुले एकदम गप्प झाली. मामांनी सुदैवाने ब्रेक दाबला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि चाक सरळ धरून ठेवले. वेग कमी होताच झुलणे थांबले. गाडी बाजूला घेतल्यावर मामा पाच मिनिटे काही बोलले नाहीत. मग इतकेच म्हणाले, "हा प्रवास रद्द."

त्या रात्री मामांनी गावी आजोबांना फोन केला. माझे आजोळ कराडजवळचे. आजोबांनी सारी उमेद बैलगाडीवर काढलेली. त्यांनी हकीकत शांतपणे ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, "मागं काय काय भरलं हुतं?" मामा आठवून सांगू लागले. ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला पाण्याची टाकी होती, ती आम्ही काठोकाठ भरली होती. त्याच्याही मागे दोन सायकली टांगल्या होत्या. शेकोटीची लाकडेसुद्धा मागच्याच कप्प्यात होती. आजोबा हसले. "मग गाडी उलाळ झाली की रं! उलाळ गाडी बैलाच्या मानंवरनं जू उचलती. बैलाला सरळ चालूच देत न्हाई."

आजोबांच्या त्या एका शब्दाने आमच्या अभ्यासाला दिशा मिळाली.

थोडी पूर्वपीठिका

फिरत्या घरातून हौसेने प्रवास करण्याची चाल मोटारीहून जुनी आहे. नौदलात डॉक्टर म्हणून नोकरी केलेले आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली 'वाँडरर' नावाचे घोड्यांचे घर बांधून घेतले आणि त्यातून इंग्लंडमधील ट्वायफर्डपासून स्कॉटलंडमधील इन्व्हरनेसपर्यंत प्रवास केला. अमेरिकेत मोटार सामान्य माणसाच्या हाती आल्यावर तिच्यामागे घर जोडण्याची कल्पना फोफावली. वॉली बायम यांनी १९३६ साली एअरस्ट्रीमचा 'क्लिपर' हा चकचकीत ॲल्युमिनियमचा, विमानासारख्या गोलाईचा ट्रेलर बाजारात आणला. पुढे १९५९ साली याच बायमनी ट्रेलरधारक कुटुंबांचा तांडा दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनपासून कैरोपर्यंत नेला.

या इतिहासात एक गोष्ट लक्षात येते. घोडे असोत की मोटार, ओढणारा आणि ओढला जाणारा यांची जोडी जमणे हाच नेहमी मुख्य प्रश्न राहिला. आजचा ग्राहक मात्र ट्रेलर पाहतो तो घर म्हणून: पलंग किती, स्वयंपाकाचा ओटा केवढा, खिडक्या कशा. मामांचेही तसेच झाले होते. त्यांनी आधी एक प्रशस्त ट्रेलर मनाने पसंत केला होता आणि तो आपल्या गाडीला झेपेल का, हा प्रश्न विक्रेत्याला विचारला होता. विक्रेत्याने गाडीची माहितीपुस्तिका उघडून दाखवली. तीत ओढण्याची क्षमता ९,००० पौंड, म्हणजे सुमारे ४,०८० किलो दिली होती. ट्रेलरचे रिकामे वजन २,७०० किलो. विक्रेता म्हणाला, "पुष्कळ वाव आहे." आम्हा सर्वांना ते पटलेही होते.

ओझे कोठे असावे

प्रथम आजोबांचे सूत्र घेऊ. बैलगाडीत आखाच्या पुढे थोडे जास्त ओझे हवे, म्हणजे जू बैलांच्या मानेवर बेताने टेकते. ओझे मागे गेले तर जू वर उचलले जाते. फार पुढे आले तर बैलांची मान दबते. ट्रेलरचेही तंतोतंत तसेच आहे. त्याच्या पुढच्या दांडीला तिकडे 'जीभ' म्हणतात. ही जीभ गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसते. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी शेकडा १० ते १५ इतके वजन या जिभेवर पडले पाहिजे, असा अमेरिकेतला संकेत आहे. ते शेकडा १० च्या खाली गेले की ट्रेलर उलाळ होतो. मग बाजूने आलेला वाऱ्याचा झोत किंवा रस्त्याचा खळगा त्याला एकदा हलवतो, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होत जातो. वेग जितका जास्त तितका धोका अधिक.

युरोपात हे प्रमाण याहून कमी, शेकडा ५ ते ७ च्या आसपास धरतात. पण तेथील कॅरॅव्हॅन हलक्या असतात आणि वेगावर बंधनही कडक असते. जर्मनीत कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला साधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटरची आहे; ठराविक अटी पुऱ्या केल्यास १०० पर्यंत मुभा मिळते. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना असा सल्ला देतात की भरलेल्या कॅरॅव्हॅनचे वजन मोटारीच्या वजनाच्या शेकडा ८५ पेक्षा जास्त नसावे. एका देशाचा आकडा उचलून दुसऱ्या देशातल्या वेगाला लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

ट्रेलर झुलू लागलाच तर काय करावे? गाडीचा ब्रेक जोरात दाबू नये, कारण मागचा ट्रेलर पुढच्या गाडीला ढकलून आडवी करू शकतो. वेग वाढवून सरळ करण्याचा प्रयत्नही करू नये. पाय काढून घ्यावा, चाक स्थिर धरावे आणि ट्रेलरच्या चाकांना स्वतंत्र विजेचे ब्रेक असतील तर ते हाताच्या खटक्याने हळूच लावावेत. असे ब्रेक पुष्कळ राज्यांत ३,००० पौंडांवरील ट्रेलरला कायद्यानेच आवश्यक आहेत. त्यांचा खटका चालकाच्या हाताशी बसवून घ्यावा लागतो. आमच्या भाड्याच्या ट्रेलरला ब्रेक होते; मामांना खटका कशासाठी आहे हे मात्र ठाऊक नव्हते.

ओढणे वेगळे, पेलणे वेगळे

आता दुसरा आणि अधिक फसवा प्रश्न. जिभेवरचे हे वजन कोण सोसते? अर्थातच ओढणारी गाडी. म्हणजे ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही, त्याचा एक हिस्सा गाडीच्या पाठीवर बसलेला असतो. गाडी किती ओढू शकते हा इंजिनाचा, गिअरचा आणि ब्रेकचा प्रश्न झाला. ती किती पेलू शकते हा स्प्रिंगांचा, आखांचा आणि टायरांचा प्रश्न आहे. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरांत असतो. दुसरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या लहानशा पट्टीवर असतो. माणसे आणि सामान मिळून एवढ्या वजनाच्या वर जाऊ नये, असे त्यावर छापलेले असते. तिकडे याला पेलोड म्हणतात. मामांनी ती पट्टी चार वर्षांत कधी वाचली नव्हती. तिच्यावर आकडा होता १,४१० पौंड, म्हणजे ६४० किलो.

पुस्तिकेतला ओढण्याचा आकडा खोटा असतो का? नाही. २००८ साली अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने ही क्षमता मोजण्याची एक समान पद्धत ठरवली. तीत ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे साडेअकरा मैलांचा चढ कडक उन्हात, वातानुकूल यंत्र पूर्ण चालू ठेवून, ठराविक वेगाखाली न उतरता चढावा लागतो. चाचणी कठोर आहे. परंतु तीत गाडीमध्ये फक्त चालक आणि एक सोबती धरलेले असतात. मागच्या आसनावरची मुले, सायकली, जनित्र, खाऊचे डबे यांचा तीत हिशेब नसतो. दोन माणसांसाठी काढलेला आकडा पाच माणसांचे कुटुंब आपला समजून घेते, आणि गफलत होते ती येथे.

पिकअप गाड्यांना तिकडे अर्धा टन, पाऊण टन, एक टन अशी नावे आहेत. ती जुन्या काळच्या वहनक्षमतेवरून पडली. आज त्यांवरून नेमके काहीच कळत नाही. एकाच नावाच्या दोन गाड्यांत पेलण्याच्या मर्यादेत शंभर-दोनशे किलोंचा फरक असू शकतो, कारण काचेचे सरकते छप्पर, चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा, वजनदार डिझेल इंजिन या सर्वांचे वजन त्या मर्यादेतूनच वजा होते. गाडी जितकी सजवलेली, तितकी ती कमी पेलते. म्हणून पट्टी ज्या त्या गाडीचीच वाचावी; शेजाऱ्याच्या तशाच गाडीची उपयोगी नाही.

आमचे गणित

मामींच्या किराण्याच्या वहीत मी हिशेब मांडला. घरातल्या काट्यावर एकेकाला उभे केले. मामींनी आपले वजन चिठ्ठीवर लिहून घडी करून दिले आणि ती चिठ्ठी परत मागून घेतली. पाचजणांचे मिळून २९० किलो झाले. पिकअपच्या हौद्यात जायचे सामान, म्हणजे जनित्र, सायकली, अवजारे, बर्फाची पेटी, मिळून ११० किलो. ट्रेलर जोडण्याचे लोखंडी साहित्य ४० किलो. बेरीज ४४०. ६४० मधून वजा जाता जिभेसाठी उरले फक्त २०० किलो.

आता मामांनी पसंत केलेला ट्रेलर घेऊ. रिकामे वजन २,७००. पण रिकामा ट्रेलर घेऊन कोणी प्रवास करीत नाही. पाणी १५० लिटर, म्हणजे १५० किलो. गॅसची दोन भरलेली सिलिंडरे ३४. दोन बॅटऱ्या ५६. भांडीकुंडी, डाळ-तांदूळ, अंथरुणे, कपडे, खुर्च्या, पाण्याच्या नळ्या असे मिळून २६०. म्हणजे आणखी ५०० किलो. एकूण ३,२०० किलो झाले. शेकडा १३ ने जिभेवर ४१६ किलो. उरले होते २००, हवे होते ४१६. पुस्तिकेच्या हिशेबाने जेथे जवळजवळ ९०० किलोंचा वाव होता, तेथे पट्टीच्या हिशेबाने २१६ किलोंची तूट निघाली. मामांनी तो आकडा दोनदा तपासला आणि वही मिटली.

काही जाणकारांनी सुचवले की वजन वाटून देणारी हिच बसवा, म्हणजे प्रश्न मिटेल. या हिचला दोन मजबूत पट्ट्या असतात. त्या जिभेवरचा भार काही पुढच्या चाकांवर, काही ट्रेलरच्या आखावर वाटून देतात. त्यामुळे गाडीचे नाक वर उचलले जात नाही आणि पुढची चाके रस्ता धरून राहतात. ती उपयुक्त आहे, आम्ही बसवलीही. पण ती ओझे वाटते. गाडीची मर्यादा वाढवीत नाही. पिकअपच्या हौद्यात मागच्या आखावर टेकणारे 'फिफ्थ व्हील' जातीचे ट्रेलर अधिक स्थिर चालतात हेही खरे, पण त्यांचा शेकडा २० च्या आसपास भार गाडीवर येतो. म्हणजे पेलण्याचा प्रश्न आणखीच मोठा.

उरले दोन मार्ग. पाऊण टन वर्गातली मोठी पिकअप घ्यावी, किंवा ट्रेलर लहान करावा. मोठी पिकअप घ्यायची तर कर्ज आणखी पाच वर्षे लांबणार होते. मामी म्हणाल्या, "मुलांना एकत्र नेण्यासाठी हा खटाटोप. त्यापायी शनिवार-रविवारीही हे कामावर जाणार असतील तर काय मिळवले?" या वाक्यावर निकाल लागला.

मग आम्ही गणित उलटे मांडले. आधी ओझे कमी केले. ग्रँड कॅनियनच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये वीज आणि पाणी मिळते, म्हणून जनित्र वगळले. सायकली घरी ठेवल्या. हौद्यातले सामान ११० वरून ४० किलोंवर आले. बेरीज ३७० झाली, जिभेसाठी २७० किलो उरले. शेकडा १३ ने भागले असता भरलेला ट्रेलर २,०७० किलोंपर्यंत चालेल असे निघाले. तेव्हा ज्याची स्वतःची कमाल मर्यादा १,९५० किलो आहे असा वीस फुटी, वापरलेला ट्रेलर मामांनी शोधला. मुलांसाठी एकावर एक अशा दोन फळ्या त्यात होत्या. पाण्याची टाकी मुक्कामी भरायची आणि रस्त्यात जवळजवळ रिकामी ठेवायची असे ठरले. लहान ट्रेलरचा आणखी एक लाभ नंतर कळला. त्याच उद्यानातील मेथर छावणीत तीस फुटांहून लांब वाहनांना जागा नाही. राष्ट्रीय उद्यानांत अशा मर्यादा पुष्कळ ठिकाणी आहेत.

घेण्यापूर्वी आणि निघण्यापूर्वी

वापरलेला ट्रेलर घेताना सजावट न पाहता कोपरे पाहावेत. छतातून पाणी झिरपले की लाकूड आतून कुजते. जमिनीवर पायाने दाबून पाहावे. मऊ लागली तर परत फिरावे. टायर कोरा दिसला तरी त्याचे वय पाहावे. त्याच्या कडेवरील शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे बरेच टायर ताशी ६५ मैलांपर्यंतच्या वेगासाठी बनवलेले असतात, आणि कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना ५५ मैलांची मर्यादाच आहे. मामांनी स्वतःसाठी ६० ठरवली.

चढाचाही विचार हवा. डॅलसची उंची पाचशे फुटांच्या आत आहे आणि वाटेतले फ्लॅगस्टाफ सुमारे ७,००० फुटांवर. साध्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांना अंदाजे शेकडा ३ ने घटते. उतारावर ब्रेक सतत दाबून तापवण्याऐवजी खालच्या गिअरमध्ये उतरावे, हे आपल्या खंबाटकी किंवा वरंधा घाटात ट्रक चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही.

शेवटी एकदा खरे वजन करावे. तिकडे महामार्गावरील ट्रकथांब्यांवर वजनकाटे असतात. ऊस साखर कारखान्याच्या काट्यावर जातो तसा ट्रेलर त्यावर नेता येतो. मी जूनमध्ये परत आलो, म्हणून तो लांबचा प्रवास मला घडला नाही. जुलैत निघण्याच्या आदल्या दिवशी मामांनी काट्याच्या पावतीचे छायाचित्र मला पाठवले. पिकअपच्या दोन्ही आखांवर मिळून ३,१३० किलो. तिची कमाल मर्यादा ३,१७५. पंचेचाळीस किलो शिल्लक. खाली मामींनी लिहिले होते, "लोणच्याची बरणी बसली."

समारोप

आपल्याकडे महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली. पण मुख्यतः भर आहे तो स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या गाड्यांवर. घर मागे जोडून हिंडण्याची चाल आपल्याकडे रुळलेली नाही. तरीही हा विषय आपल्याला परका नाही. गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस जातो, आणि ऊसतोड कुटुंबे आपला सारा संसार गाडीवर लादून गाव सोडतात. त्यांना हौसेची निवड नसते. ट्रॅक्टर ओढतो ना, मग भरा आणखी, हा विचार तेथेही होतो, आणि उतारावर किंवा वळणावर त्याची किंमत कोणी तरी देतो.

गाडीला ओढ किती आहे हे विचारण्याआधी ओझे किती आहे आणि ते कोठे ठेवले आहे, हे विचारावे. एवढेच मी त्या पंधरा दिवसांत शिकलो. आजोबांना मी हा लेख वाचून दाखवला. सगळे आकडे ऐकून ते म्हणाले, "हे समदं ठीक हाय. पर जू टेकतंय का न्हाई, ते आधी हात लावून बघावं."